उन्हाची बेगमी

'आगोटीची बेगमी' हा शब्द आमच्या नातवंडांना आता समजावून सांगावा लागतो. मृग लागण्यापूर्वी घरात भरून ठेवायच्या जिनसांची ती यादी असे. तांदूळ कणगीत, कणगीच्या तोंडाला शेणामातीचा लिंपा, पापड, कुरडया, सांडगे पत्र्याच्या डब्यांत, सुकट-बोंबील छपराखाली टांगलेले, मीठ मडक्यात, आणि पडवीत पावसाला पाठ करून रचलेली लाकडे. चार महिने वाट बंद होणार, दमणगंगेला पूर येणार, बाजार भरणार नाही, हे गृहीत धरून वैशाखाच्या उन्हात केलेला तो संसाराचा विमाच होता. आमच्या मातोश्री डहाणूकडून सून म्हणून या मुलखात आल्या, त्याला आता सहा दशके उलटून गेली. सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगिजांच्या हातून मुक्त झाले, त्यानंतर नोकरीच्या निमित्ताने इकडे आलेल्या मराठी कुटुंबांपैकी आमचे एक. वडिलांनी मसाटला जमिनीचा तुकडा घेतला तेव्हा भोवताली भात आणि ताडाची झाडे होती. आज घराच्या गच्चीवरून कारखान्यांचे पत्रे दिसतात. बेगमीची सवय मात्र आईने सोडली नाही. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही वैशाख लागला की तिचे डोळे उन्हाकडे लागतात. "ऊन फुकट चाललंय," असे ती म्हणते.

ऊन फुकट चालले आहे, या शब्दांचा खरा अर्थ आम्हांला गेल्या वर्षीच्या ज्येष्ठात एका रात्री कळला.

आईच्या फुप्फुसांची शक्ती गेली दोन वर्षे कमी होत चालली आहे. हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारे एक यंत्र तिच्या उशाशी असते. घरात सगळे त्याला नुसते 'मशीन' म्हणतात. ते अहोरात्र घरघरते, आणि ती घरघर ऐकू येत राहिली की आम्हांला झोप लागते; थांबली की जाग येते. त्या रात्री दहाच्या सुमारास वळवाचे वादळ आले, झाडाची फांदी तारांवर पडली आणि सगळे मसाट काळोखात बुडाले. घरात इन्व्हर्टर होता, त्यामुळे प्रारंभी आम्ही निश्चिंत होतो. परंतु त्याची शिशाची बॅटरी चौथे वर्ष ओलांडून गेलेली. चाळीस मिनिटांत इन्व्हर्टरने किंचाळायला सुरुवात केली आणि मग मशीन थांबले. जवळ प्राणवायूचे एक लहान नळकांडे होते, ते जोडले. मग आम्ही आणि आमच्या सौभाग्यवती विजेरीच्या प्रकाशात त्या नळकांड्यावरच्या काट्याकडे पाहत बसलो. काटा डावीकडे सरकत होता. सरकारी नोकरीत अनेक रात्री आम्ही पूरनियंत्रण कक्षात पाण्याच्या पातळीचे आकडे मोजत काढल्या होत्या. पण ते आकडे नदीचे होते, हे आईच्या श्वासाचे होते. सव्वाचार वाजता दिवे आले. काट्याला थोडेच अंतर उरले होते. आई शुद्धीवर होती. सकाळी तिने विचारले, "रात्री गाड्यांचा आवाज का बंद होता रे?" कारखानेही थांबले होते, हे तिच्या लक्षात आले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो. मशीनला साधारण साडेतीनशे वॉट लागतात. आमची बॅटरी बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-तासांची. म्हणजे कागदावर तिच्यात एक युनिट आणि आठ दशांश वीज मावते. परंतु शिशाची बॅटरी तळापर्यंत उपसली तर लवकर मरते. निम्मीअर्धीच वापरावी, असा तिचा धर्म. त्यातून काही वीज इन्व्हर्टरच खातो. म्हणजे नवीकोरी असती तरी ती जेमतेम अडीच तास चालली असती. वादळी रात्र सहा तासांची. उणे आलेला आकडा आम्ही पेन्सिलीने अधोरेखित केला, आणि त्याच क्षणी तीस वर्षांपूर्वीची एक सही आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

ती गोष्ट वाचकांना सांगितल्यावाचून हा लेख पुढे जाऊ शकत नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यास आम्ही महाराष्ट्र शासनाच्या सेवेत एका डोंगरी तालुक्यात होतो. तारा पोहोचू न शकलेल्या काही पाड्यांवर सौर दिवे देण्याची एक योजना आमच्याकडे आली. खांबावर एक निळे तावदान, खाली लोखंडी पेटीत शिशाची बॅटरी, आणि झोपडीत दोन नळीदिवे. पहिल्या संध्याकाळी आम्ही तेथे हजर होतो. दिवे लागले तेव्हा पोरांनी केलेला ओरडा आमच्या कानांत अजून आहे. त्याच आठवड्यात आम्ही पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही केली. काम पूर्ण, रक्कम खर्ची, हिशेब बंद. तीन पावसाळ्यांनंतर दुसऱ्याच कामासाठी त्या पाड्यावर जाणे झाले, तेव्हा सगळीकडे पुन्हा चिमणीचा धूर होता. बॅटऱ्यांतले पाणी आटले होते. शुद्ध पाणी कोठून आणायचे आणि कोणी घालायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पेट्यांतले शिसे भंगारवाल्याकडे गेले होते. एका म्हातारीने आम्हांला ओळखले आणि अगदी शांतपणे विचारले, "सायेब, दिवा दिलात, पन त्यात तेल कोन घालील?" आमच्या दाखल्यात तेलाचा रकाना नव्हता. आम्ही काहीतरी सांगून निघालो. काय सांगितले ते आज आठवत नाही, हे बरेच म्हणायचे.

असो. सांगायचा मुद्दा असा की त्या पाड्यावर ऊन कमी पडले नव्हते, आणि तावदानही बिघडले नव्हते. कमी पडली होती ती कणगी. सूर्य दिवसा पिकतो आणि माणसाला दिवा रात्री लागतो. या दोहोंमधले बारा तास ओलांडून नेणारे भांडे जोवर महाग आणि अल्पायुषी, तोवर सौर ऊर्जा ही केवळ दिवसाची पाहुणी. ही अडचण एका पाड्याची नव्हे. दीव बेट आता आमच्याच केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र झाले. खडकाळ पडीक जमिनीवरचा सौर प्रकल्प आणि सरकारी इमारतींची छपरे यांच्या बळावर दिवसाची सगळी वीज उन्हावर भागवणारे शहर म्हणून दीवचे २०१८ मध्ये देशभर कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. परंतु त्या कौतुकातला 'दिवसाची' हा शब्द विसरता कामा नये. सूर्य समुद्रात बुडाला की दीवही इतरांप्रमाणे तारांवरच्या विजेकडेच वळत असे.

साठवणीचा विचार आपल्याकडे झालाच नाही, असे मात्र नाही. सह्याद्रीत घाटघर येथे २००८ साली सुरू झालेला उदंचन प्रकल्प हे त्याचे उत्तम उदाहरण होय. घाटमाथ्यावर एक जलाशय, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याजवळ दुसरा. मध्ये सुमारे चारशे मीटरांचा कडा आणि डोंगराच्या पोटात सव्वाशे मेगावॉटची दोन यंत्रे. वीज उरते तेव्हा तीच यंत्रे उलटी फिरून खालचे पाणी वर चढवतात, आणि मागणीच्या वेळी ते पाणी खाली सोडून वीज करतात. जपानच्या अर्थसाह्याने उभारलेला हा प्रकल्प आम्ही पाहिला आहे. चढवण्यात खर्चलेल्या विजेतली सुमारे पाव वीज वाटेत गळते. तरीही पाण्याची ही कणगी दीर्घायुषी आणि भरवशाची. तिच्यात खोट एवढीच की तिला कडा लागतो, दोन धरणे लागतात, आणि बांधायला वर्षे लागतात. मसाटच्या आमच्या घरात, किंवा त्या पाड्यावर, कडा कोठून आणावा?

त्याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले, पण फार सावकाश दिले. शिशाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केली, आणि आमच्या इन्व्हर्टरमध्ये होती ती तिचीच थेट वंशज. १९७०च्या दशकात खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हा एक्सॉन या तेलाच्याच कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमवर काम आरंभले. पुढे तेल स्वस्त झाले आणि कंपनीचा उत्साह मावळला. ते सूत्र १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी पुढे नेले. १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी त्याला सुरक्षित रूप दिले. आणि १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बॅटरी बाजारात आणली, तीही कॅमेऱ्यासारख्या लहान उपकरणांसाठी. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गुडइनफ सत्त्याण्णव वर्षांचे होते. संशोधनावर खर्च करताना 'यातून यंदा काय निघेल' असे विचारणाऱ्या सर्व अर्थविभागांच्या भिंतीवर हा कालक्रम लावून ठेवण्याजोगा आहे. आम्ही स्वतः तो प्रश्न अनेक नस्त्यांवर विचारला आहे, म्हणून सांगतो.

कॅमेऱ्यातून ती बॅटरी मोबाइलमध्ये गेली, मोबाइलमधून मोटारीत, आणि आता मोटारीतून वीजकेंद्रात. प्रत्येक पायरीवर उत्पादन वाढले आणि दर उतरला; एकूण उत्पादन दुप्पट झाले की किंमत जवळपास पाचव्या हिश्श्याने घटते, असा अभ्यासकांचा ठोकताळा आहे. ब्लूमबर्ग एनईएफ या संस्थेच्या पाहणीप्रमाणे २०१० साली एक युनिट वीज साठवणाऱ्या लिथियम बॅटरीसंचाची सरासरी किंमत अकराशे डॉलरांहून अधिक होती. २०२४ मध्ये ती ११५ डॉलरांवर आली. म्हणजे चौदा वर्षांत नऊ दशांश किंमत गळून पडली. निविदा उघडण्यात आमचा जन्म गेला. दरवर्षी सिमेंट, लोखंड, डांबर यांचे दर चढलेलेच आम्ही पाहिले. उतरलेला दर दिसला की ठेकेदाराचा संशय यायचा! पण साठवणुकीच्या निविदांचे आकडे खरोखरच तसे आहेत. सोलर एनर्जी कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या २०२२ मधील निविदेत दोन तासांची साठवण पुरवण्याचा दर मेगावॉटमागे महिना सुमारे पावणेअकरा लाख रुपये आला होता. २०२४ च्या आरंभी गुजरातेत तो साडेचार लाखांच्या जवळ आला, आणि त्यानंतर वर्षभरात काही निविदांत सव्वादोन लाखांच्या घरात. त्यांतल्या काहींना केंद्राच्या अनुदानाचा टेकू होता, हे खरे. पण टेकू काढला तरी उतार उतारच राहतो.

याचे प्रत्यक्ष रूप पाहायचे तर आमच्यापासून फार दूर जावे लागत नाही. गुजरातेतील मोढेरा, जेथे अकराव्या शतकातले सूर्यमंदिर आहे, ते गाव ऑक्टोबर २०२२ मध्ये चोवीस तास सौर ऊर्जेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. तेथे सहा मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे आणि त्याच्या जोडीला पंधरा हजार युनिटे साठवणारा बॅटरीसंच. दीव आणि मोढेरा यांच्यातला फरक उन्हाचा नाही, कणगीचा आहे. २०२५ च्या जूनमध्ये देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला. परंतु क्षमता निम्मी म्हणजे वीज निम्मी नव्हे. दुपारी ऊन उतू जाते आणि संध्याकाळी सातला, सगळ्या घरांत दिवे लागताना, पुन्हा कोळशाची वाट पाहावी लागते. दुपारचे ऊन संध्याकाळपर्यंत पोहोचवणे, हाच यापुढच्या दशकातला खरा प्रश्न आहे. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर थोडे शहाणपण उलट दिशेनेही आहे. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत पंपांना दिवसा वीज देण्याचा विचार आहे. रात्री दोनला साप-विंचवांतून पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला बॅटरी नको, दिवसाची वीज हवी. जे काम उन्हात होऊ शकते ते उन्हात करणे, हीदेखील बेगमीच.

आता लिथियमही सर्वगुणसंपन्न आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ते थोड्या देशांत सापडते, त्याच्या बॅटऱ्यांचे कारखाने बहुतांशी चीनमध्ये आहेत, आणि निष्काळजीपणे हाताळले तर ते पेट घेते. तेलासाठी आखाताकडे पाहणाऱ्या देशाने विजेच्या कणगीसाठी दुसऱ्या कोणाकडे पाहत बसावे, यात मोठा पुरुषार्थ नाही. म्हणूनच पुण्यातल्या एका वार्तेने आम्हांला विशेष आनंद झाला. तेथील आयसर या संस्थेच्या सहकार्याने केपीआयटी या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम बॅटरीचे तंत्र जाहीर केले. सोडियम म्हणजे मिठातला एक घटक. वसईपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर ज्यांची मिठागरे पिढ्यान् पिढ्या होती, त्या आम्हां मंडळींना हे ऐकून हसू आले आणि अभिमानही वाटला. ही बॅटरी तेवढ्याच विजेसाठी अधिक जड होते, म्हणून लांब पल्ल्याच्या मोटारीला ती तितकीशी सोयीची नाही; पण घराच्या कोपऱ्यात किंवा गावाच्या वेशीवर स्थिर बसलेल्या कणगीला वजनाचे काय? त्याच पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने बनलेली हायड्रोजनवरची बस ऑगस्ट २०२२ मध्ये रस्त्यावर आली. आणि त्याआधी डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने घरातल्या खरकट्यावर चालणारे लहान बायोगॅस संयंत्र तयार केले, त्याला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. यातले प्रत्येक बीज वृक्ष होईल असे नाही. व्हिटिंगहॅमचे बीजही पहिल्या मालकाने टाकूनच दिले होते.

आम्ही त्या वादळानंतर दोन महिन्यांनी लिथियम-लोह-फॉस्फेटची पाच युनिटांची बॅटरी घेतली आणि गच्चीवर तावदाने बसवली. आता मशीन एकटे असेल तर बारा तास निभावते. शिशाची जुनी बॅटरी रीतसर परत दिली आणि दुकानदाराकडून पावती मागून घेतली; तो चकित झाला. बॅटरीच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम २०२२ पासून आहेत, हे आम्ही त्याला सांगितले. निवृत्त अधिकाऱ्याची ही खोड जाणार नाही.

गेल्या कार्तिकात मनाचा हिय्या करून आम्ही त्या जुन्या पाड्यावर गेलो. तारा आणि खांब तेथे कधीच पोहोचले आहेत, पावसाळ्यात मात्र त्या अधूनमधून तुटतात. ती म्हातारी आता नाही. पण एका घराच्या कुडावर आमच्या काळातले एक तावदान बांधलेले होते. काच ओरखडली होती, कडा पिवळ्या पडल्या होत्या. एका तरुणाने त्याला तार जोडून मोबाइल भारण्याची सोय केली होती. "आजीच्या वेळचं हाय, दिवसा चालतंय अजून," तो म्हणाला. तीस वर्षे ते तावदान ऊन घेत होते आणि ते ठेवायला जागा नव्हती. सही कोणाची होती, हे सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. त्याला नवी बॅटरी घेऊन देण्याची इच्छा झाली. पण म्हातारीचा प्रश्न आठवला. बॅटरी स्वस्त झाली, पाणी घालायचे उरले नाही, तरी दहा-बारा वर्षांनी तीही थकणारच. तेव्हा तेल कोण घालील? स्वस्ताई ही या प्रश्नाला लहान करते, मिटवत नाही. म्हणून आम्ही त्या तरुणाला तालुक्याच्या गावी बॅटरी दुरुस्तीचे काम शिकण्याविषयी विचारले आणि शिकवणीचा खर्च उचलण्याचे कबूल केले. तो विचार करून सांगतो म्हणाला. अजून सांगितलेले नाही.

घरच्या बॅटरीपुरता मात्र आम्ही तो रकाना भरला आहे. बॅटरी घेतली त्याच महिन्यात पोस्टात एक आवर्ती ठेव उघडली; दर महिन्याला थोडी रक्कम. ही बॅटरी थकेल तोवर दुसरीचे पैसे जमलेले असतील. पासबुक आणून आईला दाखवले. तिला लांबचे अक्षर दिसत नाही, म्हणून वाचून दाखवले.

"ही नवी बॅटरी किती वर्षं चालेल?" तिने विचारले.

"दहा तरी चालेल, आई."

ती थोडा वेळ बोलली नाही. मशीन घरघरत होते. मग म्हणाली, "म्हणजे पुढची बेगमी तुझ्यासाठी. बरं केलंस."

बाहेर वैशाखाचे ऊन रखरखत होते. गच्चीवर तिने सुनेकडून कुरडया घालून घेतल्या होत्या, तावदानांच्या शेजारी, त्यांची सावली चुकवून.